एटीव्ही पलटू नये आणि तिचे सांधेही टिकावेत: सस्पेन्शनमध्ये बदल करण्याचा क्रम

नवीन एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालवायची, हँडलची चारचाकी) चालवणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. वळणावर गाडी बाहेर झुकते, उतारावर आडवी नेताना वरची चाकं हलकी पडतात, खडबडीत रस्त्यावर हँडल हिसके मारतं. मग पहिली खरेदी होते ती चाकांच्या स्पेसरची (चाक बाहेर सरकवणारी चकती), नाहीतर लिफ्ट किटची (गाडी वर उचलणारे भाग). यातली एक वस्तू गाडी स्थिर करते, दुसरी अस्थिर करते, आणि दोन्ही कुठल्या ना कुठल्या सांध्यावर जादा भार टाकतात. तो भार नेमका कुठे जाणार हे आधी समजून घेतलं तर स्थैर्यही मिळतं आणि गाडी टिकतेही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी बिनखर्चाचे बदल, मग स्प्रिंग आणि डॅम्पिंग (शॉकने स्प्रिंगची हालचाल आवरणं), आणि रुंदी वाढवणं शेवटी.

आधी एक गणित

डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे ट्रॅक. ट्रॅकला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी पलटायला अवघड.

समजा ट्रॅक ९५० मिमी आहे आणि रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ५३० मिमी उंचीवर आहे. ९५० भागिले १०६० म्हणजे ०.९०. दोन्ही बाजूंना ५०-५० मिमी रुंदी वाढवली तर हाच आकडा ०.९९ होतो. रुंदी तशीच ठेवून गाडी ५० मिमी उचलली तर तो ०.८२ वर येतो. कोनात सांगायचं तर कागदावर गाडी अनुक्रमे ४२, ४५ आणि ३९ अंशांच्या आडव्या उतारावर पलटेल. प्रत्यक्षात टायर दबतो, सस्पेन्शन खालच्या बाजूला बसतं आणि चालकाचं वजन सगळ्यांत वर असतं, त्यामुळे पलटी याच्या बरीच आधी होते. हे आकडे तुलनेसाठी आहेत. एवढा उतार आपली गाडी झेलेल असा अर्थ त्यातून काढू नका.

यावरून एक गोष्ट उघड आहे. स्थैर्य हवं असेल तर लिफ्ट किट नको. दगडावर पोट घासतं म्हणून गाडी उचलावी लागत असेल, तर तो वेगळा निर्णय आहे आणि त्याची किंमत वरच्या गणितात दिसते.

१. तुमच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

गाडीखाली वाकून पाहा. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतील आणि तो ॲक्सल एका स्विंगआर्मला (फ्रेमला जोडलेली, वर-खाली हलणारी भुजा) बसवलेला असेल, तर ती स्पोर्ट पद्धतीची रचना. दोन्ही बाजूंना वेगळे ए-आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या ए आकाराच्या भुजा) आणि सीव्ही जॉइंटचे (कोनातही फिरणारा सांधा) दोन शाफ्ट असतील, तर ते स्वतंत्र सस्पेन्शन.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अखंड ॲक्सलच्या गाडीत फ्रेम त्या ॲक्सलच्या तुलनेत आडवी झुकूच शकत नाही. तिथे मागचं झुकणं म्हणजे फक्त टायरचं दबणं. अशा गाडीला मागे कडक स्प्रिंग टाकून वळणावरचा झुकाव कमी होत नाही. तिथे कामाला येते ॲक्सलची रुंदी, टायरमधली हवा आणि स्विंगआर्मची घट्ट बेअरिंग. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र स्प्रिंग, डॅम्पिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, झुकाव आवरणारी दांडी) या तिन्हींचा झुकण्यावर थेट परिणाम होतो.

२. कागद आणि हत्यारं

कागदांमध्ये गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल (टॉर्कचे आकडे, टो म्हणजे पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत, प्रीलोडचं म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून बसवली आहे त्याचं मूळ माप), टायरच्या दाबाचं गाडीवरचं स्टिकर आणि वॉरंटीच्या अटी लागतील. सोबत एक वही हवीच. बदलण्याआधीचं प्रत्येक माप तिच्यात लिहा, नाहीतर परत मूळ जागी येता येणार नाही.

हत्यारांमध्ये टॉर्क पाना, जॅक आणि दोन पक्के स्टँड, प्रीलोडच्या कॉलरचा आकडीचा पाना, ग्रीस गन, मोजपट्टी, खडू आणि पहार. स्प्रिंग काढणार असाल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर. हवेचा गेज कमी दाबाचा घ्या, शून्य ते १० किंवा १५ पीएसआय दाखवणारा. मोटारीच्या गेजवर ५ आणि ६ पीएसआय यांतला फरक वाचता येत नाही, आणि एटीव्हीत तोच फरक जाणवतो.

वापरून टाकायच्या वस्तूंत नवीन स्प्लिट पिना, नवीन नायलॉक नट (सहज सैल न होणारे), मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा द्रव) आणि खुणेसाठी रंगाचा पेन.

३. ढिले सांधे आधी दुरुस्त करा

खिळखिळ्या गाडीवर केलेलं कुठलंही सेटिंग फसवं असतं. गाडी स्टँडवर घ्या, चाकं हवेत. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खटखट झाली तर हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) गेलेला आहे. फक्त डावी-उजवीकडे झाली तर टाय रॉडचं (हँडलने चाक वळवणारी दांडी) टोक पाहा. नेमकं कोणतं हे कळण्यासाठी एकाने चाक हलवावं आणि दुसऱ्याने बॉल जॉइंटवर बोट ठेवावं. सांध्यातली ढिलाई डोळ्यांआधी बोटाला कळते.

ए-आर्मच्या मुळाशी पहार घालून हलक्या हाताने रेटा. बुश (सांध्यातली नळीसारखी अस्तरं) झिजले असतील तर आर्म पुढे-मागे सरकतो. ग्रीस निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. शॉकवर तेलाचा ओघळ दिसला तर त्याचं सील गेलं आहे. असा शॉक दुरुस्तीला द्या. स्वतः उघडू नका. बहुतेक चांगल्या शॉकमध्ये मोठ्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो.

इथे एक चूक फार होते. रबर चिकटवलेले बुश असतील तर त्यांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना घट्ट करायचे नसतात. तसे केले तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, आणि मगच टॉर्क द्या. नायलॉन किंवा ब्राँझच्या फिरत्या बुशना हा नियम लागू नाही.

४. टायरमधली हवा

होंडाने १९७० मध्ये आणलेल्या यूएस-९० या तीनचाकी गाडीला सस्पेन्शन नव्हतंच. मऊ फुगीर टायर सगळे धक्के झेलायचे. आजही टायर हे सस्पेन्शनचं पहिलं अंग आहे. स्टिकरवरचा दाब बहुतेक गाड्यांत ४ ते ७ पीएसआयच्या दरम्यान असतो. टायर थंड असताना मोजा, डावी-उजवी जोडी अगदी सारखी ठेवा.

हवा कमी असेल तर वळणावर टायरची बाजू दुमडते आणि गाडी झुकल्यासारखी वाटते. पुष्कळ जण याला स्प्रिंगचा दोष समजतात. हवा जास्त असेल तर प्रत्येक दगड थेट बॉल जॉइंटवर आदळतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत मागच्या दोन्ही टायरचा घेरही मोजपट्टीने तपासा. घेर वेगळा असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते.

५. सॅग जमवा: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

सॅग म्हणजे वजनाने गाडी किती बसते. चाक नुसतं वर जायला जागा असून भागत नाही, खड्ड्यात उतरायलाही जागा लागते. खाली जायला जागा उरली नाही तर वळणावर आतलं चाक जमीन सोडतं, आणि पलटीची सुरुवात तिथून होते.

प्रत्येक चाकासाठी तीन मापं घ्या. हबच्या मध्यापासून सरळ वर, फ्रेमवरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरचं दबणं मिसळतं. मडगार्डवर खूण करू नका, प्लास्टिक हलतं.

माप अ: चाक हवेत, पूर्ण लोंबकळलेलं.
माप ब: गाडी चाकांवर, कोणीही बसलेलं नाही.
माप क: चालक हेल्मेट घालून नेहमीच्या बैठकीत, नेहमीचं सामान लादलेलं, टाकी अर्धी भरलेली.

जॅकवरून खाली उतरवलेली गाडी लगेच खरं माप देत नाही. लोंबकळताना चाकं आत ओढली जातात, आणि जमिनीला टेकल्यावर टायरची पकड त्यांना बाहेर सरकू देत नाही. गाडी उंचच राहते. म्हणून ती दोन मीटर पुढे ढकला, तेवढीच मागे आणा, सीट दोनदा दाबून सोडा, मग मोजा. हे तीनदा करा आणि सरासरी घ्या.

अ मधून क वजा केला की चालकासह सॅग मिळतो. तो चाकाच्या एकूण हालचालीच्या २५ ते ३३ टक्के असावा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. समजा हालचाल २२० मिमी आहे. मग ३० टक्के म्हणजे ६६ मिमी. माप अ ५०० आणि क ४२५ आलं, तर सॅग ७५ मिमी, म्हणजे ३४ टक्के. थोडा जास्त. प्रीलोडची कॉलर एक पूर्ण फेरा घट्ट करा आणि पुन्हा मोजा. कॉलर फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करून त्यांवर तेलाचा थेंब टाका. मातीसकट फिरवलेली ॲल्युमिनियमची कॉलर आटे खाते.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते हा गैरसमज मनातून काढून टाका. प्रत्येक मिलिमीटरला २० न्यूटन घेणारी स्प्रिंग प्रीलोडनंतरही २० च घेते. फक्त गाडी वर बसते. म्हणून प्रीलोड जमल्यावर माप ब पाहायचं. चालकासह ६६ मिमी आलं, पण नुसत्या गाडीच्या वजनाने ती जेमतेम ५ मिमी बसते, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिला ओढून-ताणून उचलून धरलं आहे. अशी गाडी खड्ड्यात चाक सोडत नाही, शॉक पूर्ण उघडून खणकन आदळतो, आणि वरच्या माउंटचा बोल्ट व वेल्ड थकत जातात. इथे कडक स्प्रिंग हवी. याउलट चालकासह सॅग बरोबर आणि नुसती गाडीच खूप बसते, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

६. डॅम्पिंग

आधी रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध. ॲडजस्टर पूर्ण बंद होईपर्यंत हलकेच फिरवा, किती क्लिक झाले ते मोजून वहीत लिहा, मग तितकेच परत सोडा. शेवटाला पोचल्यावर जोर लावला तर आतली सुई खराब होते.

सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हा डोलली तर रिबाउंड दोन क्लिक वाढवा. पण फार वाढवलं तर वेगळाच त्रास होतो: लागोपाठच्या उंचवट्यांवर शॉकला परत उघडायला वेळ मिळत नाही, गाडी खाली खाली बसत जाते आणि शेवटी दणकन तळाला लागते. चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, आणि तो प्रीलोड वाढवत बसतो.

कॉम्प्रेशनसाठी (शॉक दबताना होणारा विरोध) शॉकच्या दांड्याला एक केबल टाय सैलसर बांधा. फेरी मारून आल्यावर तो कुठवर ढकलला गेला ते दिसेल. नेहमीच्या वाटेवरच्या सर्वांत मोठ्या धक्क्याला शेवटचे थोडे मिलिमीटर उरावेत. दरवेळी तळ गाठत असेल तर कॉम्प्रेशन वाढवा. निम्मीच हालचाल वापरली जात असेल तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिकपेक्षा जास्त नको.

बऱ्याच गाड्यांचं काम इथवरच्या बदलांनीच होतं, आणि एकाही सांध्यावर जादा भार येत नाही.

७. तरीही रुंदी हवी असेल तर

स्पेसर. वळणात बाहेरच्या चाकावर १,५०० न्यूटन भार आहे असं धरा. ५० मिमी स्पेसर लावला की हबवर ७५ न्यूटन-मीटरचा जादा पिळा येतो. हबमधल्या दोन बेअरिंगमध्ये ४० मिमी अंतर असेल, तर प्रत्येकावर सुमारे १,८७५ न्यूटनचा जादा रेटा, म्हणजे मूळ भाराहूनही अधिक. हाच पिळा वरच्या-खालच्या बॉल जॉइंटमध्ये १८० मिमी अंतरावर वाटला जातो, तिथे तो सुमारे ४१७ न्यूटन होतो. म्हणून स्पेसरने आधी बेअरिंग जातं आणि बॉल जॉइंट नंतर. उडी मारून खाली आदळताना हे सगळे आकडे काही पटींनी वाढतात.

पुढच्या चाकांना आणखी एक अडचण आहे. स्पेसरने चाक वळण्याच्या अक्षापासून लांब जातं, आणि दगडाचा प्रत्येक धक्का हँडलपर्यंत पोचतो. टाय रॉडच्या टोकांनाही तो सोसावा लागतो. म्हणून पुढे २५ ते ३० मिमीच्या पलीकडे जाऊ नका. मागे जास्त चालतो, पण बेअरिंग लवकर बदलावं लागेल हे धरून चला.

स्पेसर हबच्या गळ्यावर घट्ट बसणारा घ्या, नुसता बोल्टांवर टेकलेला नको. हबच्या तोंडावरचा गंज आणि रंग तारेच्या ब्रशने काढा. पातळ स्पेसरमध्ये मूळ स्टड बाहेर डोकावतात आणि चाक सपाट टेकत नाही. चाक लावण्याआधी सरळ पट्टी आडवी धरून हे तपासा. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि पहिल्या १० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी.

लांब ए-आर्म. बेअरिंगच्या दृष्टीने हा चांगला मार्ग आहे, कारण चाक हबपासून लांब जात नाही. पण स्प्रिंग तीच ठेवली तर घात होतो. खालचा आर्म ४०० मिमीचा ४५० केला आणि शॉकची जागा तीच राहिली, तर चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा ४०० भागिले ४५० च्या वर्गाने, म्हणजे २१ टक्क्यांनी घटतो. ट्रॅक ९५० चा १,०५० झाल्याने झुकण्याला विरोध २२ टक्के वाढतो खरा, पण दोन्हींचा गुणाकार जवळजवळ १ येतो. म्हणजे पलटण्याची हद्द लांब गेली, तरी गाडी तितकीच झुकणार आणि धक्क्यांना लवकर तळाला लागणार. तोच कडकपणा हवा असेल तर सुमारे २७ टक्के कडक स्प्रिंग लागते. त्या स्प्रिंगला रिबाउंडही वाढवावं लागतं. आर्म, स्प्रिंग आणि शॉकचं सेटिंग असा तिन्हींचा एकत्र विचार करा, नाहीतर आर्म घेऊच नका.

लांब आर्मसोबत लांब टाय रॉड आणि लांब ब्रेक होज लागतात. जुनाच टाय रॉड बाहेर काढून लांबी वाढवू नका. टोकाचे आटे व्यासाच्या किमान दीडपट आत असलेच पाहिजेत. १० मिमीच्या आट्याला १५ मिमी. आणि टाय रॉड लांब झाला की दाबाखाली वाकण्याची त्याची ताकद लांबीच्या वर्गाने घटते, म्हणून लांब रॉड जाड नळीचाच घ्या. स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनला आर्म वाढवला तर सीव्ही शाफ्टही लांब लागतात.

अँटी-रोल बार फक्त स्वतंत्र सस्पेन्शनला. झुकाव कमी होतो, पण एक चाक दगडावर चढलं की दुसरंही उचलू पाहतं. खडकाळ वाटेसाठी सहज सुटणाऱ्या लिंकचा बार घ्या.

८. स्प्रिंग काढून पूर्ण हालचाल तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मोडतोड इथूनच सुरू होते. गाडी स्टँडवर, शॉकवरून स्प्रिंग काढलेली, शॉक पुन्हा बसवलेला. जॅकने चाक तळापासून माथ्यापर्यंत सावकाश न्या. प्रत्येक टोकाला हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा.

खाली जाताना चाकाला शॉकनेच थांबवलं पाहिजे. त्याआधी बॉल जॉइंटचा दांडा त्याच्या कडेला टेकत असेल तर तो मोडेल, आज नाही तर महिन्याने. वर जाताना बंप स्टॉपने (शेवटी अडवणारा थांबा) थांबवलं पाहिजे, टायर फ्रेमला किंवा मडगार्डला लागता कामा नये. ब्रेक होज कुठेच ताणला जाऊ नये. सीव्ही शाफ्ट हाताने फिरवा. खालच्या टोकाला अडखळत फिरला किंवा रबर बुटाच्या घड्या एकमेकींवर घासल्या, तर कोन जास्त झाला आहे. चाक वर-खाली होताना आपोआप वळतं का तेही पाहा. वळत असेल तर टाय रॉडची लांबी किंवा त्याच्या टोकाची उंची चुकली आहे.

९. टो, टॉर्क आणि खुणा

उंची किंवा आर्म बदलला की टो बदलतोच. हँडल सरळ बांधून ठेवा. पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यावर, हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूने खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. गाडी ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टो. मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून, आणि लॉक नट घट्ट करा.

बॉल जॉइंटच्या खाचांच्या नटला स्प्लिट पिन बसत नसेल तर नट सैल करून खाच जुळवू नका, पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा. शेवटी प्रत्येक नट आणि त्याखालच्या धातूवरून रंगाची एक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पाना न लावता कळतं.

१०. चाचणी आणि नंतरची तपासणी

हेल्मेट घालून, मोकळ्या सपाट जागेत, आधी सावकाश आठच्या आकड्यात फिरा. मग ब्रेक, मग लहान उंचवटे. आडवा उतार शेवटी, आणि तोही अगदी सौम्य. रुंद झालेली गाडी झाडांमधून आणि दगडांमधून पहिल्यासारखी जात नाही, त्याचा अंदाज इथेच घ्या.

पहिल्या फेरीनंतर हब हाताने चाचपा. चारांपैकी एकच जास्त गरम लागला तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक पाहा. चाकाचे नट १० किलोमीटरला, बाकीचे बोल्ट पहिल्या दिवसाच्या शेवटी. त्यानंतर दर धुण्याला ए-आर्मच्या वेल्डशेजारची नळी चिंध्याने पुसून पाहा. थकव्याची चीर वेल्डच्या काठालगत केसासारखी सुरू होते, आणि रंगावर गंजाची बारीक तांबूस रेघ दिसते. अशी रेघ दिसली तर वरून वेल्ड मारू नका, आर्म बदला. पाण्यातून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी ग्रीस भरा आणि सीव्हीचे बूट दाबून आत पाणी गेलं का ते बघा.